शालूताईचा हिमालय

लोक हिमालय बघायला उत्तरेकडे जातात. मी या श्रावणात पोलादपूरला गेले. स्वेटर नेला नाही, छत्री नेली, आणि मांडीवर खडीची पिशवी घेऊन एसटीत बसले. पिशवी कशासाठी, ते आधी सांगते.

शालूताई माझी मावसबहीण. आम्ही दोघी मूळच्या महाडच्या. मी लग्न करून पुण्याला आले आणि तिला दिली पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या एका वाडीत. फोनवर ती 'कशी आहेस' वगैरे विचारण्यात वेळ घालवत नाही.

"सुमे, हिमालय सुकला गो."

मला वाटलं बातम्या बघतेय. म्हटलं, "कुठला हिमालय?"

"आमचा. तुळशीबाजूचा. तू ये, तुला कळतं त्यातलं. हिमालय गेला तर पोरगी पण जाईल. बॅग भरून ठेवलीय तिनं दाराआड, निळी."

पोरगी म्हणजे तिची सून, रितू. शालूताईचा मुलगा महेश मनालीच्या एका हॉटेलात आचारी होता. तिथेच रिसेप्शनवर बसणारी ही कुल्लूकडची मुलगी त्याने पटवली, की तिने त्याला, यावर दोघांचं अजून एकमत नाही. गेल्या थंडीत शालूताईच्या नवऱ्याला, म्हणजे तात्यांना, मुतखड्याने आडवं केलं. महेश नोकरी सोडून घरी आला आणि पोलादपूरला हायवेवर खानावळ टाकली. रितू त्याच्याबरोबर आली. येताना माहेरहून एक झाड घेऊन आली. हिमालयातलं म्हणून त्याचं नाव हिमालय.

आता 'तुला कळतं त्यातलं' याबद्दल. फार वर्षांपूर्वी मी उत्तराखंडात फुलं बघायला गेले होते. बर्फाच्या कडेला, दगडाच्या फटीत उगवणारी ती झाडं बघून मला वेड लागलं. थंडीत वरून मरतात, खाली मुळाने जिवंत राहतात, आणि बर्फ वितळला की काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा वर येतात. असला निगरगट्टपणा मला आवडतो. तेव्हापासून मी ती कोथरूडच्या गॅलरीत वाढवते. वाढवते म्हणजे आणते. एप्रिल आला की ती एकेक करून जातात. सगळी एकाच मोठ्या कुंडीत गेली आहेत, त्यामुळे त्या कुंडीतली माती फार कसदार झाली आहे आणि तिच्यात कढीपत्ता उत्तम येतो. नातेवाइकांना मात्र मी आणलेली झाडंच दिसतात, गेलेली दिसत नाहीत. म्हणून मी तज्ज्ञ.

दासगाव

वरंधा घाटाचा पावसाळ्यात भरवसा नसतो म्हणून ताम्हिणीतून आले. घाटाचं वर्णन करत नाही. धुकं होतं आणि माझ्या खिडकीची काच सरकत नव्हती.

दासगावला गाडी थांबली. सावित्रीचं पाणी रस्त्याकडे बघत होतं. ड्रायव्हर उतरला, त्याने पाण्याकडे बघितलं, टपरीवर चहा घेतला आणि परत पाण्याकडे बघितलं. गाडीतलं कोणी घाबरलं नव्हतं. इथल्या माणसांना नदी घरात येऊन गेल्याचा अनुभव आहे, तिच्या नुसत्या बघण्याने त्यांना काही होत नाही. माझ्या शेजारी काकड्यांची पाटी घेतलेली एक बाई होती. तिला पाण्यापेक्षा माझ्या पिशवीत रस होता.

"काय हाय गो त्यात?"

"खडी."

तिने पिशवी चाचपून बघितली. "पुण्यावरनं? आमच्या महाडात दगडाचा काय दुष्काळ पडलाय?"

मी तिला समजावलं की बर्फातल्या झाडाला थंडी मारत नाही, ओल मारते. डोंगरावर पाणी दगडातून निघून जातं. इथे मातीत साचून राहतं आणि मूळ कुजतं. म्हणून अर्धी खडी, अर्धी माती, आणि झाडाच्या गळ्याशी नुसती खडीच घालायची, की मान कोरडी राहते. बाईने सगळं ऐकून घेतलं आणि एक काकडी मोडून अर्धी माझ्या हातात दिली. "खा. डोकं थंड राहतं," म्हणाली.

महाड डेपोत शिरताना गाडी एका खड्ड्यात उतरली आणि माझी पिशवी फाटली. खडी सगळ्या सिटांखाली पसरली. कंडक्टर वाकून बघत म्हणाला, "मावशी, रस्त्यात टाकायची ती तुम्ही गाडीत टाकलीत." मी रिकाम्या हाताने पुढच्या गाडीत बसले.

वाडी

हिमालय पहिल्यांदा बघितला तेव्हा मी छत्री मिटायची विसरले.

तुळशीशेजारी निळी प्लास्टिकची बादली होती. तिच्यावर बांबूला बांधलेली काळी छत्री होती, आणि छत्रीच्या फाटक्या शिवणीतून पाणी बरोबर झाडाच्या मुळाशी टपकत होतं. बाजूच्या स्टुलावर पडवीतून वायर ओढून तात्यांचा टेबल फॅन लावला होता. बादलीत मातीवर बर्फ घातला होता. आणि बादलीभोवती वाडीतली यच्चयावत मांजरं बसली होती.

"मांजरं का?" मी विचारलं.

"बर्फ मासळीवालीकडनं घेते ना," शालूताई म्हणाली. "श्रावण असला तरी ती येते. बर्फातलं झाड ते, त्याला बर्फ नको?"

मी वाकले. बोंबलाचा वास येत होता. चिखलात दोन जाड गोल पानं होती, एक तपकिरी आणि दुसरं तपकिरी होण्याच्या विचारात. मी चष्मा लावला, पान उलटून बघितलं आणि झाडाचं नाव जाहीर केलं, "प्रिम्युला." शालूताईने पडवीकडे वळून मोठ्याने सांगितलं, "प्रिमुला झालाय त्याला!"

पडवीत रितू खुर्चीवर बसली होती. गोरी, उंच, हात मांडीवर ठेवून, फोटो काढायला बसवल्यासारखी. मला बघून उठायला गेली तर शालूताईने तिला दाबून खाली बसवलं. तिने कपबशी उचलली तर शालूताईने काढून घेतली. ताटं मांडायला आली तर, "नको गो, तू बस. बाय माझी." मी या घरात इतका मऊ आवाज कधी ऐकला नव्हता. शालूताई लहानपणी मला दोरीवरच्या उड्यांमध्ये ढकलून द्यायची.

जेवायला तांदळाची भाकरी, टाकळ्याची भाजी आणि कुळथाचं पिठलं होतं. संध्याकाळी कुळथाचं कढण. सकाळी न्याहारीला काय, ते तुम्ही ओळखलं असेल. कुळीथ मुतखड्यावर उतारा म्हणून थंडीपासून या घरात सुरू आहे. तात्यांचा खडा चैत्रातच पडून गेला, पण शालूताई म्हणते सवय मोडायची नाही. खडा कोणामुळे पडला यावर वाद आहे. शालूताई म्हणते कुळीथ, महाडचा डॉक्टर म्हणतो गोळ्या, आणि तात्या म्हणतात बिअर, पण ते फक्त शालूताई विहिरीवर गेली की म्हणतात.

भांडी घासताना शालूताईने मला सगळं सांगितलं. "दारात आली ना, तेव्हाच मला कळलं. डोळ्यांत पाणी, तोंड उतरलेलं. महेश रिक्षातनं सामान काढत होता. हिनं ओल्या फडक्यात गुंडाळलेलं ते झाड माझ्या पुढं केलं आणि काय म्हणाली ठाव हाय? 'जड है, पापाजी के लिए.' माझं काळीज चरकलं गो. बापाच्या आठवणीनं पोरीचा जीव जड झालाय, आणि पहिल्याच दिवशी सासूला सांगतेय. मी म्हटलं, या पोरीला या घरात कायपण जड जाऊ द्यायचं नाय. झाड लावलं, पहिली बादली मिळाली तिच्यात. तिला कामाला हात लावू दिला नाय. महेश म्हणतो तिला खानावळीत गल्ल्यावर बसायचंय. मी म्हटलं, खबरदार. आणि तरी बॅग भरलीन. महेशला सांगितलंन, गणपती झाले की मनालीला जाते, हॉटेलवाले बोलावतायत." तिने राखेचा हात डोळ्यांना लावला आणि डोळे आणखी चुरचुरले. "मी काय कमी केलं गो? झाड मेलं तर तिला वाटंल, इथं आपलंही असंच होणार."

शेजारणींनीही हीच तुलना केली होती. डोंगरातलं झाड, डोंगरातली पोर. वाडीत जो येतो तो आधी बादलीत डोकावतो, मग रितूकडे बघतो आणि च्च करतो. मी तुलना करणार नाही. मला शालूताईची काळजी वाटत होती. तिला सून हवी होती, अगदी मनापासून, आणि ती जाणार हे तिला दिसत होतं.

मी फॅन बंद केला, बर्फ ओतून दिला, मांजरं निराश होऊन गेली. म्हटलं उद्या महाडला जाऊन दगडाच्या कपच्या आणू, आणि रितूला बरोबर नेते. शालूताई म्हणाली, तिला दगड उचलायला लावू नको.

महाड

बाजाराच्या मागे एक पाथरवट बसतो. पाटे-वरवंटे टाकी लावून देतो, नवेही घडवतो. त्याच्या पायाशी काळ्या दगडाच्या कपच्यांचा ढीग असतो. मी मागितल्या तर त्याला वाटलं चेष्टा करतेय. मग म्हणाला, "न्या हव्या तेवढ्या. पाट्याचं गिऱ्हाईक येत नाय, निदान कपच्यांचं तरी आलं." पोतं अर्धं भरलं. मी उचलायला गेले आणि कमरेने नकार दिला. रितूने एका हाताने ते उचलून खांद्यावर टाकलं.

"अगं, जड आहे ते!"

ती हसली. मी तिला पहिल्यांदा हसताना बघितलं. "मावशी, आमच्याकडे सफरचंदाच्या पेट्या उचलतो. इथे मला पाण्याची घागर पण कोणी देत नाय."

चवदार तळ्याकडच्या रस्त्यावर एका हॉटेलात आम्ही भजी आणि चहा सांगितला. कुळीथ नसलेलं काहीतरी मिळावं एवढीच माझी इच्छा होती. म्हटलं आता विषय काढावा. "रितू, शालूताईला फार लागलंय गं. तुला माहेर सोडून येणं जड गेलं, हे कळतं तिला. तू पहिल्याच दिवशी सांगितलंस ना, जड आहे म्हणून."

"मैंने?" ती म्हणाली. "मैंने ऐसा कब बोला?"

"दारात. झाड देताना. जड है, पापाजी के लिए."

"हाँ, वो तो बोला. जड़ है."

"तेच. जड आहे."

"नाय मावशी! जड़!" तिने पोत्यातून बाहेर आलेला सुतळीचा तुकडा ओढला, टेबलावर ठेवला आणि बोटाने जमिनीच्या खाली जाऊन दाखवलं. "जड़! रूट! मूळ, मूळ! पापाजी, म्हणजे तात्या. त्यांना पथरी होती ना. हे पाषाणभेद हाय. आमच्याकडे याची जड़ सुकवून पथरीवर काढा करतात. मेरी माँने खोदून दिली होती."

माझ्या नाकातून चहा आला. हिंदीत ड खाली एक टिंब असतं. ते टिंब शालूताईच्या कानापर्यंत पोहोचलं नव्हतं, आणि 'पापाजी'ने ते पार पुसून टाकलं होतं. पाषाणभेद म्हणजे नावातच दगड फोडणारा. तो माझ्या चष्म्यासमोर होता आणि मी प्रिम्युला म्हटलं.

"आणि डोळ्यांत पाणी?"

"घाटात उलटी झाली होती."

"मग लावलं तेव्हा बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, इकडे औषध आधी लावत असतील. मग बर्फ घालायला लागल्या. मला वाटलं, रिवाज असेल. फिर पंखा." तिने भजी बाजूला सारली. "हमारे यहाँ इसे कोई लगाता भी नहीं मावशी, दगडावर आपोआप येतं, शेळ्या पण तोंड लावत नाय. आणि इथे सगळे येऊन बघतात आणि मला विचारतात, बरी हाय का? मी बरीच होते. महेशला बोलले तर म्हणतो, आई लाड करते, तुला प्रॉब्लेम काय हाय? मावशी, मी सहा माणसांचं रिसेप्शन एकटी चालवायचे. इथे मला कुर्सी पे बिठा के रखा है. मला वाटलं, यांना मी नकोय. पाहुण्यासारखं ठेवतात, म्हणजे पाहुणीने जायचं असतं."

आता मात्र तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं आणि मला हसल्याची लाज वाटली. मी भजीची बशी तिच्याकडे सरकवली. तिने सगळी संपवली, माझ्या वाट्याचीसुद्धा.

पुन्हा वाडी

शालूताई अंगणात वाट बघत होती. पोतं रितूच्या खांद्यावर बघून ती माझ्यावर ओरडायला तोंड उघडणार, तोच मी सगळं सांगून टाकलं. आडपडदा ठेवला नाही. जड म्हणजे मूळ, पापाजी म्हणजे तात्या, डोळ्यांतलं पाणी म्हणजे घाट.

पडवीत तात्या हसायला लागले आणि खोकल्यात अडकले. शालूताई हसली नाही. ती तुळशीच्या कट्ट्यावर बसली आणि बादलीकडे बघत राहिली.

"मग बर्फ?" ती म्हणाली.

"वाया गेला."

"आणि खडा पडला चैत्रात. हे औषध दारात पडून." तिने रितूकडे बघितलं. आवाज चढला. "आगो, मग बोलायचं नाय का? तोंड नाय तुला? मी रोज त्या मासळीवालीच्या पाया पडते बर्फासाठी, आणि तू खुर्चीत बसून बघत राहतेस?"

"बोलले ना! जड़ है, बोलले!"

"असं बोलतात? मूळ म्हणायचं, मूळ! माझं अर्धं आयुष्य कमी झालं काळजीनं. मला वाटलं, तुला आम्ही नको."

"मला वाटलं, तुम्हाला मी नको."

मी तुळशीकडे बघत उभी राहिले, दुसरीकडे कुठे बघायची सोय नव्हती. शालूताईने पदराने नाक पुसलं, उठली आणि म्हणाली, "गल्ल्यावर बसायचंय ना? बस. पण भाकऱ्या भाजून मग जायचं. मी एकटी किती करू? उठ, पीठ मळ."

त्या संध्याकाळी रितूने भाकरी थापली. शालूताई म्हणाली, जाड झालीय, ही भाकरी हाय की पाटा? मग म्हणाली, चुलीत एवढी लाकडं कोण घालतं, तुझ्या माहेरी जंगल असंल, इथं नाय. रितू मान खाली घालून हसत होती. मी त्या घरात शिरल्यापासून शालूताईचा खरा आवाज पहिल्यांदाच ऐकत होते, आणि मला इतकं बरं वाटलं की मी ती जाड भाकरी कुळथाबरोबर निमूटपणे खाल्ली.

सकाळी आम्ही हिमालय बादलीतून उपसला. मूळ चांगलं अंगठ्याएवढं जाड होतं, खालून कुजलेलं, वर टणक. कुजकं कापून टाकलं. कापताना मुळाचे दोन तुकडे झाले. शालूताईने श्वास रोखला, पण रितू म्हणाली, होऊ दे, दोन झाडं होतील. घराच्या मागे गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, एक जागा होती, जिथे पागोळ्या पडत नाहीत, सकाळचं ऊन येतं आणि दिवसभर वारा असतो. तिथल्या दगडांच्या फटीत कपच्या भरून आम्ही त्यातला मोठा तुकडा बसवला, मान कपच्यांच्या वर ठेवून. मनालीत बर्फाखाली झाड कोरडं झोपतं, पुण्यात त्याला चैत्र-वैशाखात सावली द्यावी लागते, आणि पोलादपूरला त्याच्यासाठी करायचं काम एकच, त्याला पावसापासून लांब ठेवायचं आणि मग त्याच्याकडे दुर्लक्ष करायचं. शालूताईला शेवटचं जरा कठीण गेलं. दुपारी ती चोरून तांब्या घेऊन मागे गेली होती. रितूने तो काढून घेतला.

निघताना

पोलादपूरच्या स्टँडवर मला सोडायला दोघी आल्या. खानावळ समोरच होती. महेश आतून हात हलवत होता आणि गल्ल्यावर गिऱ्हाईक ताटकळलं होतं, त्यामुळे रितूचं अर्धं लक्ष तिकडेच होतं. गाडी लागली तशी तिने एक निळी बॅग माझ्या हातात दिली.

मी बॅगेकडे बघितलं, मग शालूताईकडे. शालूताई स्टँडचं वेळापत्रक वाचत होती. तिला चष्म्याशिवाय ते दिसत नाही.

"अगं, ही तर तुझी..."

"रिकामी केली," रितू म्हणाली. "आईंनी तुमच्यासाठी सामान भरलंय. सांभाळून न्या मावशी, जड है."

"न्यायला मी समर्थ आहे," मी म्हटलं. खरं तर ती जडच होती. ताम्हिणीपर्यंत मांडी बधिर झाली.

घरी येऊन उघडली. कुळीथ होते. कुळथाचं पीठ होतं. नाचणीचे पापड आणि दासगावसारखीच एक काकडी होती. सगळ्यात खाली ओल्या फडक्यात गुंडाळलेला मुळाचा दुसरा तुकडा होता, आणि त्याला टाचणीच्या डोक्याएवढा हिरवा कोंब होता. मी बॅग तशीच उघडी टाकून फोन लावला. म्हटलं रितूला दे, ओरडायचंय तिला, जड है म्हणाली आणि मी ओझं समजून आणलं.

"ती गल्ल्यावर हाय, तिला टाइम नाय," शालूताई म्हणाली. "मला सांग काय ते. आणि ऐक सुमे, त्याला बर्फ घालू नको हां."